नांदेडची कापड गिरणी बंद पडली, उदगीरचा माग मात्र चालू राहिला. आता या दोन शहरांचं काय चाललंय?

दरवर्षी ऑगस्ट महिना जवळ आला की नांदेड आणि उदगीर या दोन शहरांची नावं एका बातमीत हमखास येतात. बातमी असते तिरंग्याची. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीरच्या केंद्रात ध्वजासाठी लागणारं खादीचं कापड विणलं जातं. रंग आणि इतर प्रक्रिया बाहेर होऊन ते कापड नांदेडला येतं. तिथं कटाई, शिलाई, अशोकचक्राची छपाई होते आणि ध्वज तयार होतो. सरकारी इमारतींवर फडकणारा प्रमाणित खादी ध्वज देशात अगदी मोजक्या ठिकाणी बनतो. नांदेड त्यातलं एक.

या बातमीत एक गोष्ट मात्र सहसा येत नाही. ज्या नांदेडमध्ये आज कापड म्हटलं की खादीचा ध्वज आठवतो, तिथं एकेकाळी तीन पाळ्यांत चालणारी मोठी कापड गिरणी होती. उस्मानशाही मिल तिचं नाव. पुढं ती नांदेड टेक्स्टाईल मिल झाली आणि शेवटी बंद पडली.

म्हणजे यंत्राची गिरणी संपली आणि हाताचा माग उरला. हे कसं झालं? गिरणी गेल्यावर तिच्या भोवती राहणाऱ्या लोकांचं काय झालं? उदगीरसारख्या गावात आज ‘मिल’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? आणि जो माग उरला, तो तरी किती दिवस टिकणार?

नांदेडलाच गिरणी का आली?

पहिलं कारण कापूस. नांदेडच्या काळ्या जमिनीत ‘गावरानी’ नावाचा देशी कापूस पिकायचा. देशी वाणांमध्ये त्याचा धागा लांब आणि चांगल्या प्रतीचा मानला जायचा. हैदराबाद संस्थानात हा कापूस इतका महत्त्वाचा होता, की त्यात दुसऱ्या हलक्या कापसाची भेसळ होऊ नये म्हणून कायद्यानं बंधनं घातलेली होती. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं काम इथूनच मोठं झालं. याच केंद्राचा ‘एनएचएच 44’ हा संकरित वाण नंतर राज्यभरातल्या शेतकऱ्यांनी लावला.

दुसरं कारण विणकर. नांदेडची मलमल आणि जरीकाठी कापड यांचा उल्लेख जुन्या गॅझेटियरमध्ये सापडतो. पद्मशाली, मोमीन, कोष्टी अशा समाजांमध्ये विणकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं.

तिसरं कारण रेल्वे. 1900 च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि नांदेड एका बाजूनं हैदराबादला, दुसऱ्या बाजूनं मुंबईच्या वाटेला जोडलं गेलं.

त्या काळात हैदराबाद संस्थानात गुलबर्गा, औरंगाबाद, हैदराबाद अशा शहरांमध्ये गिरण्या उभ्या राहत होत्या. 1934 मध्ये वरंगळला आझम जाही मिल आली. नांदेडची उस्मानशाही मिल याच मालिकेतली. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून तिला नाव मिळालं.

गिरणीनं शहराला काय दिलं?

गिरणी येण्याआधी शहरातली कामं बऱ्याच अंशी जातीनुसार वाटलेली होती. विणकराचा मुलगा विणकर, व्यापाऱ्याचा मुलगा गादीवर, शेतमजुराचा मुलगा शेतात. गिरणीतही भेद नव्हते असं नाही. देशातल्या बहुतेक गिरण्यांमध्ये कुठल्या खात्यात कोणाला काम मिळणार, हे ओळखीवर आणि जातीवर ठरायचं. मुंबईच्या गिरण्यांमध्ये दलित कामगारांना साचेखात्याबाहेर ठेवलं जायचं, कारण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि इतर कामगारांना त्याचा विटाळ वाटे.

तरीही गिरणी ही शेत, मोंढा आणि दुकान यांच्यापेक्षा वेगळी जागा होती. तिथं महिन्याचा पगार होता. फंड होता, ग्रॅच्युइटी होती, हजेरीपुस्तकात नाव होतं. अन्याय झाला तर युनियनकडं जाता यायचं. मराठी, उर्दू, तेलुगू बोलणारी माणसं एका भोंग्यावर कामाला जायची आणि एका भोंग्यावर घरी यायची. दुष्काळी पट्ट्यात हे साधं नव्हतं. पाऊस पडो न पडो, सात तारखेला पगार होणार ही खात्री मराठवाड्यात फार थोड्या लोकांच्या नशिबी होती.

मग बिघडलं कुठं?

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्याआधी रझाकारांचे अत्याचार आणि पोलीस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेले हल्ले, दोन्ही या भागानं सोसले. नंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांमध्ये नांदेड आणि बीदर यांचा समावेश केला होता. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडलं गेलं आणि 1982 मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात आलं.

संस्थान गेलं तसा संस्थानी उद्योगांचा आधारही गेला. 1960 च्या दशकात देशभरातल्या जुन्या गिरण्या तोट्यात जाऊ लागल्या. मालकांनी नफ्याच्या काळात यंत्रं बदलली नव्हती. शेवटी केंद्र सरकारनं 1974 मध्ये कायदा करून 103 आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं, म्हणजे एनटीसीकडं दिल्या. त्या यादीत उस्मानशाही मिलही होती.

सरकारी झाल्यामुळं नोकऱ्या वाचल्या, पण गिरणीचं दुखणं बरं झालं नाही. त्यामागं तीन गोष्टी होत्या.

पहिली, यंत्रमाग. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावातल्या छोट्या शेडमध्ये तेच कापड कमी मजुरीत निघू लागलं. तिथं फंड नव्हता, युनियन नव्हती. सूतकताईपासून विणाईपर्यंत सगळं एका छताखाली करणारी गिरणी या स्पर्धेत महाग पडू लागली.

दुसरी, पॉलिस्टर. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर कृत्रिम धाग्याला मोकळी वाट मिळाली. न चुरगळणारं, लवकर वाळणारं स्वस्त कापड लोकांना आवडलं.

तिसरी, पैसा. जुन्या यंत्रांवर तोटा होत राहिला आणि सरकार तो भरत राहिलं. नवीन यंत्रांसाठी मात्र पुरेसे पैसे आले नाहीत.

2000 च्या दशकाच्या सुरुवातीला पुनर्वसन योजनेच्या नावाखाली एनटीसीच्या बहुसंख्य गिरण्या कायमच्या बंद झाल्या. कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. नांदेडच्या गिरणीचा भोंगाही थांबला. ज्या मोजक्या गिरण्या वाचल्या, त्यांचंही पुढं फार बरं झालं नाही. अचलपूरची फिनले मिल आणि बार्शीची टेक्स्टाईल मिल मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबल्या, त्यानंतर त्यांची चाकं पूर्वीसारखी फिरलीच नाहीत.

मुंबईच्या कामगाराला घर, नांदेडच्या कामगाराला काय?

गिरणी बंद पडल्यावर एक गोष्ट उरते, ती म्हणजे जमीन. मुंबईत या जमिनीवरून मोठी लढाई झाली. विकास नियंत्रण नियम, न्यायालयीन खटले, मोर्चे यांतून निदान एवढं झालं की गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची सोडत निघू लागली. अर्ज लाखाच्या वर आणि घरं थोडी, ही तक्रार आजही आहे. पण हक्क मान्य झाला.

ती योजना मुंबईतल्या गिरण्यांपुरती आहे. मराठवाड्यातल्या गिरणी कामगारांसाठी असं काही झालं नाही. एनटीसी तीच, कायदा तोच, कामही तेच. फरक जमिनीच्या भावाचा आणि विधानभवनापर्यंत पोचणाऱ्या आवाजाचा. मुंबईच्या गिरणगावावर नाटकं, सिनेमे, पुस्तकं आली. नांदेडच्या गिरणीची आठवण मुख्यतः तिथं काम केलेल्यांच्या घरात उरली आणि ती पिढीही आता थकली आहे.

दरम्यान नांदेडनं पोटापाण्याची दुसरी वाट धरली. 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं. 2008 मध्ये गुरू ता गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला आणि त्या निमित्तानं रस्ते, पूल, गोदावरीचे घाट यांवर मोठा खर्च झाला. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळं देशभरातून शीख भाविक येतात. शिकवण्या आणि दवाखाने यांनी शहर भरलं. 2011 च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती.

पण या नव्या शहरात गिरणीसारखी जागा नाही. शिकवणीला फी लागते. दवाखान्यात आणि लॉजवर मिळणारं काम बहुतेक वेळा तोंडी बोलीवर मिळतं आणि तसंच सुटतं. वस्त्याही समाजानुसार वेगळ्या झाल्या आहेत. वेगवेगळ्या वस्त्यांतली माणसं रोज आठ तास एकत्र घालवतील असं ठिकाण आज शोधावं लागतं.

उदगीरमध्ये ‘मिल’ म्हणजे काय?

लातूरपासून साधारण 65 किलोमीटरवर, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेलं उदगीर इतिहासाच्या पुस्तकात 1760 च्या लढाईसाठी येतं. सदाशिवराव भाऊंनी निजामाला हरवलं ती ही लढाई. पानिपत त्याच्या पुढच्याच वर्षी झालं.

आजचं उदगीर लाखभर वस्तीचं व्यापारी गाव आहे. मोंढ्यात उभं राहिलं तर मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चारही भाषा कानावर पडतात. लिंगायत, मराठा, मुस्लिम, बौद्ध, मारवाडी, बंजारा असे सगळे समाज इथं आहेत. एप्रिल 2022 मध्ये भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं झालं. सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते इथल्या बुद्धविहाराचं लोकार्पण झालं.

इथं ‘मिल’ म्हटलं की कापडाची आठवण येत नाही. इथली मिल म्हणजे दाल मिल.

तूर मोंढ्यात येते, अडतीवर सौदा होतो, हमाल कट्टे उतरवतात. मिलमध्ये तूर चाळून स्वच्छ करतात, तेलपाण्याचा हात देऊन वाळवतात, मग यंत्रावर साल काढून तिचे दोन भाग करतात. 100 किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते. उरलेली चुनी जनावरांना जाते. निवडण्याच्या आणि वाळवण्याच्या कामावर बऱ्याच ठिकाणी बायका असतात.

म्हणजे एका दाल मिलवर शेतकरी, अडत्या, हमाल, निवडणारी बाई, मिलवाला, ट्रकवाला आणि गोठेवाला एवढ्यांचं पोट असतं. पण कापड गिरणीत होती ती नोकरीची खात्री इथं नाही. हंगामात काम, हंगाम संपला की सुट्टी.

शिवाय हा धंदा दिल्लीच्या निर्णयांवर हलतो. मे 2021 मध्ये तुरीची आयात खुली झाली आणि तिची मुदत वाढवत 31 मार्च 2026 पर्यंत नेण्यात आली. मोझांबिक, मलावी आणि म्यानमारमधून तूर येते. डिसेंबर 2023 मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचं आयात शुल्क काढलं. भाव वाढले तेव्हा, जून 2024 मध्ये, मिलवाल्यांवर साठ्याची मर्यादा आली. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये जाहीर झाला.

इथं हितसंबंध सरळ नाहीत. आयात खुली असली की शहरातल्या ग्राहकाला डाळ परवडते, पण उदगीरच्या शेतकऱ्याचा भाव पडतो. परदेशी तूर जहाजानं बंदरावर उतरते, म्हणून बंदराजवळच्या मिलला ती स्वस्त पडते. जी दाल मिल उदगीरच्या मोंढ्यातल्या तुरीवर उभी आहे, तिला त्याचा फायदा थोडा आणि फटका जास्त. शेतकऱ्यानं तूर सोडून सोयाबीन पेरलं, तर मिलला कच्चा मालच कमी पडतो.

उदगीरला सरकारी उद्योगाचा अनुभवही आहे. इथला शासकीय दूध भुकटी प्रकल्प एकेकाळी गावाची ओळख होता. हा भाग देवणी जातीच्या जनावरांचा, पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथलंच. तरीही तो प्रकल्प बंद पडला. तो पुन्हा सुरू करा, ही मागणी वर्षानुवर्षं होत आली आहे. नांदेडच्या गिरणीची आणि उदगीरच्या भुकटीची गोष्ट या बाबतीत सारखीच आहे. कच्चा माल इथला, मजूर इथला, कारखाना मात्र थांबलेला.

मग उदगीरचा माग कसा टिकला?

मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीची स्थापना 1967 मध्ये झाली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ अशी हैदराबाद मुक्तिसंग्रामातली माणसं त्यामागं होती. रामानंद तीर्थांनी सार्वजनिक कामाची सुरुवात कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर केली होती, हे इथं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

खादीला बाजारात यंत्रमागाशी टक्कर देणं शक्य नव्हतं. पण तिच्याकडं एक राखीव गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे राष्ट्रध्वज. ध्वजसंहितेप्रमाणं ध्वज हातानं कातलेल्या आणि हातानं विणलेल्या कापडाचाच असावा लागे. भारतीय मानक ब्युरोचं ‘आयएस 1’ हे मानक धाग्यापासून शिलाईपर्यंत सगळं ठरवून देतं. म्हणजे स्पर्धा नियमानंच थांबवली होती.

30 डिसेंबर 2021 ला हा नियम बदलला. यंत्रावर बनलेला आणि पॉलिस्टरचा ध्वजही चालेल, अशी दुरुस्ती झाली. ऑगस्ट 2022 मध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहीम आली. एवढ्या कमी वेळात कोट्यवधी घरांसाठी खादीचे ध्वज पुरवणं कोणत्याच केंद्राला शक्य नव्हतं, आणि खादीचा ध्वज सामान्य घराला महागही पडतो. सरकारची ही बाजू समजण्यासारखी आहे. पॉलिस्टरच्या ध्वजालाही जीएसटीतून सूट मिळाली.

खादी संस्थांची बाजूही तितकीच खरी आहे. हुबळीच्या ध्वज केंद्रानं तेव्हा उघड विरोध केला. जी मागणी वर्षभर माग चालू ठेवायची, तिच्यात आता पॉलिस्टरचा ध्वज वाटेकरी झाला.

आता मजुरी बघा. खादी आयोगानं सूतकताईचा दर 2023 मध्ये गुंडीला 7.50 वरून 10 रुपये केला. ऑक्टोबर 2024 पासून तो 12.50 आणि 1 एप्रिल 2025 पासून 15 रुपये झाला. म्हणजे दोन वर्षांत दर दुप्पट झाला. एक गुंडी म्हणजे 1,000 मीटर सूत. दिवसभरात 20 गुंड्या काढल्या तर 300 रुपये हाती येतात. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती 312 रुपये. 20 किलोमीटर सूत कातूनही कातणारी बाई रोजगार हमीच्या मजुराच्या 12 रुपये मागं राहत होती.

अशा मजुरीवर तरुण मुलं-मुली या कामाला येतील, ही अपेक्षा धरणं कठीण आहे. मागणी टिकली तरी हात टिकतील का, हा खरा प्रश्न आहे.

पुढं काय?

राज्य सरकारच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणात एक मोठं उद्दिष्ट आहे. राज्यात पिकणाऱ्या कापसापैकी 30 टक्क्यांच्या आसपास कापसावर राज्यातच प्रक्रिया होते, ती पाच वर्षांत 80 टक्क्यांवर न्यायची. मोठा वस्त्रोद्योग पार्क अमरावतीला मंजूर झाला आहे. मराठवाड्यातला कापूस आजही जिनिंगमध्ये गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. त्यात ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं, तेव्हा शेतकऱ्याला भावाची धास्ती बसली.

नांदेड-उदगीरसाठी या धोरणाचा खरा कस तीन ठिकाणी लागेल.

- नांदेडच्या बंद गिरणीच्या जमिनीचं जे काही होईल, त्यात रोजगार देणारं काही असेल का, आणि जुन्या कामगारांना त्यात वाटा असेल का?
- सरकारी कार्यालयांसाठी तरी खादीचाच ध्वज घ्यायचा, असा नियम होऊन उदगीरच्या मागाला कायमची मागणी मिळेल का?
- दाल मिलवरच्या हमालांना आणि निवडणाऱ्या बायकांना गिरणी कामगाराला होता तसा फंड आणि विमा मिळेल का?

भुकटीचा बंद प्रकल्प, हंगामावर चालणाऱ्या दाल मिल आणि खादीचा माग, हे तिन्ही उदगीरमध्ये एकाच गावात आहेत. एक सरकारनं चालवला आणि बंद केला. दुसरा बाजारानं चालवला आणि अधांतरी ठेवला. तिसरा एका नियमानं जगवला आणि त्या नियमातल्या एका दुरुस्तीनं अडचणीत आणला. येत्या 15 ऑगस्टला तिरंग्याची बातमी पुन्हा येईल. तेव्हा ध्वज किती विकले गेले या आकड्याबरोबर माग किती चालू आहेत, हा आकडाही विचारायला हवा.